गुण कमी करून मिळण्याबाबत

मी एकतीस वर्षं कोर्टात पुकारे केले. दाराशी उभं राहून साक्षीदाराचं नाव तीनदा ओरडायचं, एवढंच काम. पण त्याला घसा लागतो. एकदा मी एका नावाची अशी हाक दिली की त्या नावाचे तिघे हजर झाले, आणि त्यांतला एक चार वर्षांपूर्वीच मयत म्हणून नोंदलेला होता. न्यायाधीशांनी आधी त्याचीच साक्ष घेतली, कारण त्याला पुन्हा बोलावणं जड गेलं असतं. लोक म्हणतात, मी थापा मारतो. मारतो की! पण ही गोष्ट माझ्या भाचीची आहे, आणि ती पुरावा मागते. तेव्हा इथे माझं काही चालायचं नाही.

भाचीचं घरातलं नाव हरकत. ती चार वर्षांची असताना आई म्हणाली, "चल, झोप आता," तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हरकत आहे." शिकली कुठे? दुकानात. माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा कोर्टामागच्या गल्लीत वकिलांचे काळे कोट आणि गाऊन शिवतात. खाली दुकान, वर घर, मधे लाकडी जिना. वकील मापाला उभे राहिले की हात पसरलेले असतात, पण तोंड मोकळं असतं. पोरगी कापडाच्या चिंध्यांत खेळत मोठी झाली आणि कायदा तिच्या कानावर पडत राहिला.

मेव्हण्यांना सगळे मास्तरच म्हणतात, मीही. त्यांच्या दुकानात एक रीत आहे, ती आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. मास्तर टेप लावून माप मोठ्याने सांगतात आणि धाकटी वहीत लिहिते. खांदा, बाही, छाती खरी. पोट मात्र नाही. वकिलाचं पोट आणि वकिलाची फी दोन्ही दरवर्षी वाढतात, पण चारचौघांत बोललेली आवडते ती एकच. म्हणून पोटाशी आले की मास्तर खाकरतात आणि दोन इंच कमी सांगतात. खाकरले की धाकटीने दोन मिळवून लिहायचं. "अं-हं... बेचाळीस!" की वहीत चव्वेचाळीस. गिऱ्हाईक खूश, कोट अंगासरशी. आमचे ढेरीसाहेब (हे नाव घरातलं, त्यांना माहीत नाही) दर वेळी म्हणतात, "मास्तर, तुमच्या हातात जादू आहे. बेचाळीसच्या कोटात मला जेवूनही श्वास घेता येतो." अठ्ठावीस वर्षं ही जादू चालू आहे.

तर हरकतने कायद्याच्या प्रवेशाची परीक्षा दिली. दीडशेपैकी सत्त्याऐंशी मिळाले. सत्त्याऐंशी हा मोठा अवघड आकडा आहे. तोंड लपवावं इतका कमी नाही, पेढे वाटावेत इतका जास्त नाही. कुणी विचारलं तर माणूस "बरे पडले" म्हणतो आणि उन्हाळ्यावर बोलायला लागतो.

गावात कायद्याची कॉलेजं तीन. एक बसस्थानकामागचं, तिथे जिना चढून वर येईल त्याला प्रवेश. दुसरं नदीपलीकडचं, त्याची यादी कधी पंच्याऐंशीवर थांबते, कधी अठ्ठ्याऐंशीवर, पावसासारखा त्याचा नेम नाही. तिसरं टेकडीवरचं. त्याची यादी एकशे बारावर थांबते. तिथून निघालेला माणूस चहासुद्धा कलमं पाडून मागतो. आणि अर्ज सगळ्यांना मिळून एकच, त्यावर कॉलेजांसाठी ओळी दोनच. तिसऱ्याला जागा नाही.

मास्तरांनी कोट बेतायच्या खाकी कागदावर कच्चा मसुदा करून ठेवला होता. पहिली ओळ बसस्थानकामागचं, दुसरी नदीपलीकडचं. विषय संपला, असं त्यांना वाटलं. सुट्टीच्या दुपारी आम्ही चौघे कापायच्या टेबलाभोवती बसलो होतो, तेव्हा हरकत म्हणाली, "टेकडी कुठेय?"

"टेकडी जागच्या जागी आहे," मास्तर म्हणाले. "आपणही जागच्या जागी राहावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"हरकत आहे. तुम्ही गिऱ्हाइकाला कधी म्हणता का, कापड पाहून पोट आणा?"

"अगं, ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मास्तरांनी खडू उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग धाकटी मधे पडली. "झाकली मूठ सव्वा लाखाची गं बाई. ते टेकडीवाले नाकारलेल्यांचीसुद्धा यादी लावतात, नावासकट, गुणांसकट. आपली निम्मी गिऱ्हाइकं तिथे शिकलेली. उद्या ट्रायलला आली की माझ्याकडे कशी बघतील?"

"ट्रायलला माणूस आरशात बघतो, आई. तुझ्याकडे बघायला त्यांना फुरसत कुठे असते?"

सगळे माझ्याकडे वळले. घरात दोन बाजू भांडल्या की तिसरी बाजू म्हणून मी असतो. मी घसा साफ न करताच सुरू केलं. "माझ्या माहितीत एक जण होता. दीडशेपैकी बावीस. टेकडीवर अर्ज केला. त्या वर्षी अर्जांच्या गठ्ठ्यावर शाईची बाटली उपडी झाली. सगळ्यांचे गुण बुडाले, याचे बावीस तेवढे कोरडे राहिले. आज तो न्यायाधीश आहे."

"नाव?"

"नाव न सांगायचं वचन दिलंय."

"ऐकीव पुरावा. फेटाळला."

"फेटाळ. तरी अर्ज कर."

"का पण?"

आता मला थाप सुचेना, तेव्हा नाइलाजाने खरं बोललो. "नाही म्हणणं हे त्यांचं काम आहे. त्यांना त्याचा पगार मिळतो. ते काम तू घरबसल्या फुकटात कशाला करतेस?"

हरकत गप्प बसली. ती गप्प बसली की आम्ही घड्याळ बघतो. चांगली दोन मिनिटं गेली. मग तिने मास्तरांच्या कानावरची पेन्सिल काढली, खाकी कागदावरची पहिली ओळ खोडली आणि वर लिहिलं: टेकडीवरचं.

"खात्रीचं खोडलंस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "दोन्ही ठिकाणी नाही म्हणाले तर वर्ष गेलं ना!"

"खात्रीचं कुठे पळून जातंय, बाबा? खात्रीचंच आहे ते."

अर्ज भरायची शेवटची तारीख शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. गुरुवारी ढेरीसाहेबांच्या गाऊनला इस्त्री करताना हरकतचा उजवा तळवा भाजला. शुक्रवारी दुपारी ती पट्टी बांधून घ्यायला डॉक्टरांकडे निघाली. जाताना डाव्या हाताने अर्जाच्या खाली सही करून गेली. अर्ज कोरा होता. कोऱ्या कागदावर सही करू नये, हे तीच अख्ख्या गल्लीला शिकवते.

नियम असा की अर्ज उमेदवाराने नाहीतर पालकाने स्वतःच्या हाताने शाईने भरावा. घरात अक्षर चांगलं धाकटीचं. ती टेबलाशी बसली, मास्तर गळ्यात टेप घालून उभे राहिले आणि निकालपत्र बघून एकेक गोष्ट मोठ्याने सांगायला लागले. मी टीपकागद धरून बसलो होतो. नाव झालं, जन्मतारीख झाली, पत्ता झाला. मग गुणांचा रकाना आला. मास्तर थांबले. घरातलेच तर होतो आम्ही, पण बापाच्या तोंडून तो आकडा सरळ निघेना. त्यांनी खाकरून घसा साफ केला. "अं-हं... सत्त्याऐंशी."

मी टीपकागद दाबला. चष्मा नव्हता लावला. मास्तर पळत जाऊन पावणेपाचला अर्ज देऊन आले.

आठव्या दिवशी अर्जाची पोच आली, भरलेल्या तपशिलासकट. हरकतने ती जिन्यातच उघडली आणि तिथूनच ओरडली, "एकोणनव्वद कुणाचे?"

मास्तरांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग बायकोकडे वळले. "मी काय सांगितलं होतं? सत्त्याऐंशी! ऐकू येत नाही का तुला?"

"चांगलं ऐकू आलं," धाकटी म्हणाली. "खाकरलात तुम्ही."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. मी म्हणालो, "अरे, खोटं बोलायचंच होतं तर निदान तीसने तरी बोलायचं! एकशे सतरा केले असते तर टेकडी हातात होती. दोन गुणांची लबाडी म्हणजे बँक फोडून पेन पळवण्यासारखं झालं." कुणी हसलं नाही. मग मास्तरांच्या तोंडावर हळूहळू रंग यायला लागला, आणि मला कळलं की त्यांच्या डोक्यात कात्री चालू झाली आहे.

"थांबा," ते म्हणाले. "टेकडीवर सत्त्याऐंशी काय नि एकोणनव्वद काय, सारखंच. पण नदीपलीकडे? यादी अठ्ठ्याऐंशीवर थांबली तर सत्त्याऐंशी बाहेर आणि एकोणनव्वद आत! आपण मुद्दाम थोडंच केलंय? झालं ते होऊन गेलं. गप्प बसू."

"आणि तपासलं तर?" धाकटीने विचारलं.

"नदीपलीकडचे तपासत नाहीत. ढेरीसाहेबच सांगत होते. टेकडीवाले तपासतात, तेही निवडलेल्यांचेच. म्हणजे आपल्याला धोका शून्य."

बिनतोड युक्तिवाद होता. इतक्या वर्षांत मास्तर वकिलांची नुसती मापंच घेत नव्हते, हे त्या दिवशी कळलं. हरकत मात्र पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभी होती.

"आणि टेकडीवाल्यांनी निवडलं तर?" ती म्हणाली.

मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे. आतापर्यंत मला वाटत होतं की पोरीने जिद्दीने अर्ज केलाय, लॉटरीचं तिकीट काढतात तसा. पण लॉटरीच्या तिकिटावरची स्पेलिंगची चूक कुणी दुरुस्त करायला जात नाही. हिला खरंच वाटत होतं. एकशे बाराच्या दारात सत्त्याऐंशी घेऊन उभी राहिलेली ही पोर, आत बोलावलं तर चपला कुठे काढायच्या, याच्या विचारात होती.

"अगं, ते निवडणार नाहीत गं," मास्तर अगदी हळू म्हणाले.

"ते त्यांना म्हणू दे ना. मामानेच सांगितलंय."

मामाने सांगितलेलं ऐकायचं नसतं, हे त्या घरात पंचवीस वर्षं सगळ्यांना पाठ आहे. नेमकं त्याच वेळी तिला ते आठवलं नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर प्रवेश कार्यालयात गेलो. खिडकी चारवर पाटी होती: गुण दुरुस्ती. रांग अशी की शेवटचा माणूस शेजारच्या टपाल कचेरीत उभा होता आणि तिकिटं घेऊन परत येत होता. आमचा नंबर लागला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "किती वाढवून हवेत?"

"कमी करायचेत."

कारकुनाने मान वर केली. "म्हणजे परीक्षकाने जास्त दिले, अशी तक्रार आहे तुमची?"

"दिले बरोबर. आम्ही लिहिले जास्त. दोन कमी करून द्या."

मागच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. असले आजार पसरतात.

"तशी सोय नाही," कारकून म्हणाला.

"कुठल्या नियमाने नाही?"

"नियम नाही म्हणूनच सोय नाही. आमच्याकडे गुणवाढीचा अर्ज आहे. घटीचा छापलेलाच नाही. कुणी मागितलाच नाही कधी."

हरकतने गुणवाढीचा अर्ज घेतला, डाव्या हाताने 'वाढ' खोडून 'घट' लिहिलं आणि "विषय" या शब्दापुढे लिहिलं: गुण कमी करून मिळण्याबाबत. कारकुनाने तो कागद चिमटीत धरला आणि आम्हाला वरच्या मजल्यावर अधिकारीणबाईंकडे पिटाळलं.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "दोन गुणांसाठी एवढी धावपळ? आम्ही सगळ्यांचे तपासत नाही."

"निवडलेल्यांचे तपासता."

"टेकडीवर यादी एकशे बारावर थांबते, मुली."

"गेल्या वर्षी," हरकत म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नियम नऊ माहीत आहे? चुकीची माहिती देणाऱ्याचा अर्ज रद्द होतो. दोन्ही कॉलेजांचा. मी आत्ता या कागदावर शेरा मारला, की तुझं वर्ष संपलं."

एकतीस वर्षं मी लोकांना आत बोलावलं; पोरीला दंडाला धरून बाहेर न्यावं, असं पहिल्यांदाच वाटलं.

"जाणूनबुजून देणाऱ्याचा," हरकत म्हणाली. "पुढच्या ओळीत आहे."

बाईंनी पुस्तक काढलं, पान उलटलं. पुढची ओळ त्यांनीही बऱ्याच वर्षांनी वाचली असावी. "बरं. मग जाणूनबुजून नाही, हे कशावरून? चूक झाली कशी?"

आता आली का पंचाईत! चूक सांगायची तर खाकरणं सांगायला हवं, आणि खाकरणं सांगितलं की गावातल्या सगळ्या वकिलांची पोटं उघडी पडणार. हरकतने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. मग तिने सगळं सांगितलं, अगदी शिस्तीत: रीत काय, कधीपासून, कुणी खाकरायचं, कुणी मिळवायचं, आणि बाबा त्या दिवशी टेप गळ्यात असताना का खाकरले.

बाईंनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "आमचे हे तुमच्याकडेच शिवतात. चाळीस म्हणून सांगतात."

"मी त्यावर काही बोलू शकत नाही," हरकत म्हणाली. "गिऱ्हाइकाचं गुपित आहे."

बाईंचे खांदे हलायला लागले. त्यांनी तोंडावर फाइल धरली. फाइलीमागून बराच वेळ कसले कसले आवाज आले. मग फाइल खाली आली, तोंड पुन्हा सरकारी झालं, आणि त्यांनी सही केली. "चूक अनवधानाने. दुरुस्ती मान्य." आणि जाताना म्हणाल्या, "सत्त्याऐंशी झाले हो आता. नदीपलीकडचं जड जाईल."

"माहीत आहे," हरकत म्हणाली. जिना उतरेपर्यंत ती ताठ होती. खाली आल्यावर पायरीवर बसली आणि म्हणाली, "मामा, माझे पाय थरथरतायत. हे कुणाला सांगू नकोस."

इथे मला एक झकास थाप सुचली होती. टेकडीवरचे प्राचार्य उघड्या गाडीतून आले, पोरीच्या खरेपणाने त्यांना गहिवरून आलं, वगैरे. पण झालं ते असं. महिन्याभराने टेकडीच्या फाटकावर दोन याद्या लागल्या. निवडलेल्यांची एकशे चौदावर थांबली. दुसरीत, वरून दोनशे सहाव्या ओळीत हरकतचं नाव होतं आणि पुढे आकडा: ८७. धाकटी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होती. "एवढं करून सत्त्याऐंशीच," ती म्हणाली. नदीपलीकडची यादी अठ्ठ्याऐंशीवर थांबली. हरकत एका गुणाने बाहेर, प्रतीक्षायादीत पहिली. दोन गुण ठेवले असते तर आत असती. हे मास्तर बोलले नाहीत. न बोलण्याचा त्यांना इतका त्रास झाला की त्या आठवड्यात एका गाऊनला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

ढेरीसाहेब ट्रायलला आले, आणि आरशातच बघत म्हणाले, "यादी वाचली हो. सत्त्याऐंशीवर टेकडी! छाती आहे पोरीची." मग इकडेतिकडे बघून, मास्तरांच्या कानाशी लागून, "मला एक्क्याऐंशी होते. काका तिथे विश्वस्त होते म्हणून." त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी चार वकिलांनी मास्तरांच्या कानात आपापले गुण सांगितले. एकाचेही एकशे बारा नव्हते. माणूस पोट आवळून उभा राहिला की आतलं बाहेर येतंच.

कॉलेजं उघडायच्या आदल्या दिवशी टेकडीवर एक जागा रिकामी झाली. ती नदीपलीकडे प्रवेश घेतलेल्या एका हुशार मुलाने उचलली. त्याची नदीपलीकडची जागा रिकामी झाली आणि हरकतला निरोप आला. म्हणजे टेकडीनेच तिला जागा दिली. फक्त नदीच्या दुसऱ्या काठाला.

ती जायला लागून तीन आठवडे झाले, तेव्हा प्रवेश कार्यालयातून जाडजूड पाकीट आलं. आत नवा छापील अर्ज, नमुना क्रमांक एकवीस: गुण कमी करून मिळण्याबाबत. सोबत बाईंच्या हातची चिठ्ठी, की आपल्यामुळे ही सोय सुरू झाली आहे, नमुना माहितीसाठी. हरकतने तो कापायच्या टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर दोन कात्र्या ठेवल्या, आणि वाचताना तिच्या भुवया चढत गेल्या.

"कलम तीन चुकलंय," ती म्हणाली. "यातून उमेदवार सोडून बाकी कुणालाही त्याचे गुण कमी करता येतील. हरकत घ्यायला हवी."

"घे की," धाकटी काज करता करता म्हणाली. "तुला कोण अडवतंय?"

मास्तर मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला, पण वर बघितलं नाही.

"ते टेकडीवाले," ते म्हणाले, "दुसऱ्या वर्षाला बाहेरची मुलं घेतात का गं?"

"घेतात. दोन जागा असतात, बाबा. आणि पहिल्या वर्षाचे गुण..."

"गुणांचं मी विचारलं नाही," मास्तर म्हणाले. "शेवटची तारीख कुठली असते?"